डावीकडची सीट

"उतरा," मालक म्हणायचे, आणि मी निमूटपणे उतरायचो.

कुरुळीत आमच्या आळीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. तो कुठल्या सरकारी खात्याने घातलेला नाही. कुणाच्या तरी स्लॅबचं काँक्रीट उरलं होतं, ते गावातल्या लोकांनी रस्त्यावर आडवं ओतलं आणि संपेपर्यंत ओतलं. मालकांची गाडी इतकी बसकी की तिच्याखाली मांजरसुद्धा सरपटत शिरायचं. मालक एकटे असले तर गाडी कशीबशी पलीकडे जायची, पण शेजारी दुसरा माणूस असला की तिचं पोट घासायचं. म्हणून त्यांचा नियम होता की स्पीडब्रेकर आला की शेजारच्याने उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि तिथे पुन्हा बसायचं. कुरुळी ते चाकण आतल्या रस्त्याने असे अकरा स्पीडब्रेकर होते. मी अकरा वेळा उतरायचो आणि अकरा वेळा बसायचो. मागून आमच्या कंपनीची बस यायची. तिच्या खिडक्यांतून माझे सहकारी मला हात करायचे आणि मी कुणी वेगळाच असल्यासारखा चालत राहायचो.

मालक म्हणजे माझे घरमालक. लातूरहून नोकरीसाठी आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आणि पाच वर्षं तिथेच राहिलो. आता सांगवीला फ्लॅटमध्ये राहतो, तिथे कुणी मला उतरा म्हणत नाही. मालक सत्तरीला टेकलेले होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि डोक्यावर टोपी. ही टोपी ते फक्त दोन वेळा काढत, झोपताना आणि गाडीत बसताना. गाडीचं छप्परच इतकं खाली होतं की टोपी घालून बसलं असतं तर ती नाकावर आली असती.

त्या पट्ट्यात जमीन कारखान्यांसाठी गेली की दारात पांढरी, उंच, मोठी गाडी येते. आमच्या एका आळीत तशा पाच होत्या. मालकांचीही जमीन गेली, पण त्यांनी पुण्यातल्या कुठल्याशा बंगल्यातून, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून असलेली एक लाल, लांब नाकाची, दोन दारांची परदेशी गाडी आणली. आम्ही इंजिनियर लोक तिला कूपे म्हणतो. मालक तिला 'बसकी' म्हणत. तिच्या पंख्याला पिठाच्या गिरणीचा पट्टा होता. तिचा रिव्हर्स गिअर ती आली तेव्हापासूनच गेलेला होता, त्यामुळे ती शेडमधून बाहेर काढायची म्हणजे मागे ढकलावी लागे. भाडेकरूंनी पाण्याची मोटार दोनदा लावायची नाही, जिन्यात चपला काढायच्या नाहीत आणि सकाळी गाडी ढकलायची, एवढ्याच मालकांच्या अटी होत्या. मी पाच वर्षं ढकलली.

"मालक, दोनच सीटांची गाडी का घेतली?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"गाडीत जागा असली की मानसं येत्यात," मालक म्हणाले. "मानसं आली की कामं येत्यात. हितं एकच मानूस बसतोय, आन् त्यो बी उतरत उतरत."

हे मला फार हुशारीचं वाटलं. ते अर्धंच खरं होतं हे मला नंतर कळलं, आणि जरा उशिराच कळलं. माझ्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी शोभा तिच्यामुळेच झाली. मी चाकणच्या एका कंपनीत उंच, मोठ्या गाड्यांच्या सीटा बघतो. म्हणजे माणूस गाडीत कसा चढतो, कसा बसतो आणि कसा उतरतो, हे मोजणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे एक पुतळा आहे. त्याला पाय आहेत, पाठ आहे, कंबर आहे, फक्त डोकं नाही. त्याला सीटवर बसवायचं, त्याच्या अंगावर वजनं लावायची आणि त्याची कंबर जमिनीपासून किती उंच आली ते लिहायचं. बारा वर्षं मी हेच करतोय. दिवसभर त्याच्याशी संगत असल्यावर घरी तुमच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार, असं बायको म्हणते.

तर असा मी, सीटांचा जाणकार, बसकीत पहिल्यांदा बसलो तेव्हा सवयीने हात खाली घालून डावीकडची सीट पुढे ओढली. ती पार मागे ढकललेली होती. माझे पाय पुढे पोचतच नव्हते. चाकणहून परत आल्यावर मालकांनी ती पुन्हा शेवटच्या खाचेपर्यंत मागे सारली. दुसऱ्या वेळी मी पुढे घेतली, त्यांनी मागे सारली. तिसऱ्या वेळी मी त्यांना गुडघ्याचा कोन, मांडीचा आधार वगैरे समजावून सांगायला लागलो.

"ती सीट तिथंच ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले. "ती दादाच्या मापाची हाय."

दादा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. आळीत सगळे त्यांना थोरले म्हणत. त्यांचं घर मालकांच्या घराच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता. सहा फुटांच्या वर उंची, पिकलेल्या मिशा, हातात काठी. दिवसभर ते ओट्यावर बाजेवर बसलेले असायचे. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. जमीन जाताना मालकांनी दादाला न विचारता कागदावर सही केली होती, त्या दिवसापासून थोरले त्यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते.

मालकांनी त्या दिवशी स्पीडब्रेकर नसताना गाडी बाजूला घेतली आणि मला सगळं सांगितलं. दोघे भाऊ पोरगे असताना गावच्या ओढ्यात कुणा शहरातल्या माणसाची अशीच लाल, बसकी गाडी रुतली होती. ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता. भावांनी बैल जुंपून ती बाहेर ओढली. गाडीवाला खूश झाला. म्हणाला, चला, चाकणपर्यंत फिरवून आणतो, पण जागा एकाचीच आहे.

"दादा म्हनला, तू बस बारक्या, मी बैलं धरतो," मालक सांगत होते. "मी बसलो बी. लाज न्हाई वाटली. चाकनला जाऊन आलो, त्यानं मला पेढा बी दिला. परत आलो तर दादा तितंच हुबा, बैलं धरून. मला इचारलं, कसं वाटलं? मी समदं सांगितलं. पेढ्याचं न्हाई सांगितलं, त्यो मी खाल्ला हुता."

म्हणून बसकी. डावीकडच्या सीटवर दादाला एकदा बसवायचं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. आणि गाडी घरी यायच्या महिनाभर आधी त्या सहीवरून बोलणं बंद झालं होतं.

मालकांचं म्हणणं असं की ही तीच ओढ्यातली गाडी आहे. मी एकदा बॉनेट उघडून आतली पट्टी वाचली. गाडी त्या प्रसंगानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली होती. हे न सांगता गप्प बसता आलं असतं, पण मी इंजिनियर असल्यामुळे सांगितलं. मालक म्हणाले, "पट्टीवर काय बी लिवत्यात." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी तुटक वागत होते आणि ते बरोबरच होतं.

दर दसऱ्याला मालक बसकी धुवायचे, नाकावर झेंडूची माळ घालायचे, आणि गाडी आळीच्या तोंडाकडे वळवून थोरल्यांच्या ओट्यासमोर आणून उभी करायचे. मग खाली उतरून डावीकडचं दार उघडायचे. बोलायचे काही नाहीत. दार उघडं धरून नुसते उभे राहायचे. थोरले बाजेवर बसून दुसरीकडे बघत राहायचे. आळीतल्या बायका आपापल्या दारात येऊन थांबायच्या. पाचदहा मिनिटांनी मालक दार लावायचे, हळूच, आवाज न करता, आणि गाडी घेऊन एकटेच चाकणला जाऊन यायचे. असे तीन दसरे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दरवेळी मी वर जाऊन बायकोला म्हणायचो की काय ही जमिनीची भांडणं, रक्ताची माणसं तोडतात.

चौथ्या वर्षी मी माझी गाडी घेतली. आमच्याच कंपनीची, पांढरी, सात सीटांची. तिच्या सीटांची मापं मीच काढलेली. बायकोने पूजा केली, मालकांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, चाकांखाली लिंबं ठेवली. मालक गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

"लई उंच हाय."

"उंचीचा फायदा असतो, मालक. सगळं दिसतं."

मालक दांडीला धरून चढले, सीटवर बसले आणि समोर पाहिलं. समोर शेजारच्या कारखान्याची भिंत होती.

"व्हय की. खालनं नुसती भित्त दिसायची, आता वरची तार बी दिसली."

तेवढ्यात गाडी वाजायला लागली.

"ही काय म्हनतीया?"

"पट्टा लावा म्हणते."

"आन् आता?"

"दार नीट लागलं नाही म्हणते."

"आन् ही?"

"पुढे भिंत आहे म्हणते."

"भित्त हाय ते मला बी दिसतंय की." मालक उतरायला लागले. "सायेब, घरात तुमची मावशी हाय ना सांगाया. गाडीत तरी मानसाला गप बसू द्या."

सात सीटांची गाडी घेतल्यावर मला कळलं की मला किती नातेवाईक आहेत. लातूरहून येणाऱ्याला स्टेशनवरून आणायचं, कुणाला लग्नाला न्यायचं, कुणाची ट्रंक पोचवायची. रविवारी संध्याकाळी मी दमून परत आलो की मालक ओट्यावरून विचारायचे, "आज किती निगाले?" मी आकडा सांगायचो. ते मान हलवून बसकी पुसायला लागायचे. ती गाडी घेतल्यापासून मी स्वतःला जायचं होतं अशा एकाही ठिकाणी गेलेलो नाही, हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात बातमी आली की थोरले दिवाळीनंतर लेकीकडे नारायणगावला कायमचे राहायला जाणार. म्हणजे हा शेवटचा दसरा. मालकांचं जेवण कमी झालं. मावशी वर येऊन आमच्याकडे रडून गेल्या. मग मी ठरवलं की आता आपण मधे पडायचं. थोरल्यांना पिंपरीच्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. मी म्हटलं, मी नेतो माझ्या गाडीतून, आणि वाटेत त्यांची समजूत घालतो.

थोरल्यांना माझ्या गाडीत चढताच येईना. मी ज्या पायरीची उंची पुतळ्याच्या पायांवरून नक्की केली होती, तिच्यापर्यंत त्यांचा पाय पोचत नव्हता. बायकोने वरून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते हललं. मग मी खालून आधार दिला आणि मावशींनी पलीकडून हात ओढला. थोरले आत पोचले तेव्हा आम्ही चौघंही घामाघूम झालो होतो. दवाखान्यात कसला आजार दाखवायचा होता, हे वाचकांनी ओळखलं असेल. गुडघे. मी माणसाला गुडघे दाखवायला घेऊन चाललो होतो, त्याला गाडीत चढता येत नव्हतं हे बघत होतो, आणि मनात मात्र सहीचा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो.

मोशी मागे पडल्यावर थोरले म्हणाले, "गाडी चालू हाय नव्हं?"

"चालू आहे. साठच्या स्पीडला आहे."

"कळना. खोलीत बसल्यागत वाटतंय."

आमच्या खात्यात ही स्तुती समजतात. मी आभार मानले आणि मुद्द्यावर आलो. "थोरले, एक विचारू? मालक दर दसऱ्याला दार उघडून उभे राहतात. एकदा बसा की. किती दिवस त्या सहीचा राग धरायचा?"

थोरले बाहेर बघत म्हणाले, "कसला राग? राग कवाच गेला. त्यानं सही केली नसती तर दुसऱ्यानं करून घेतली असती."

"मग बसत का नाही?"

"आवं, ती गाडी भुईला टेकलीया. बसन मी, बसाया काय लागतंय, पडलं की बसलं. पन उठायचं कसं?" त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ह्ये उठू देत्यात का? मग मला उठवनार कोन? त्यो. हाताला धरून. समद्या आळीदेखत. सात वर्सं ज्याच्यासंगं बोललो न्हाई, त्याला आता हात दे म्हनू?"

मी गाडी चालवत राहिलो. माझ्या कानांपर्यंत लाज चढली होती. माणूस सीटवरून कसा उठतो, हेच बघायचा मला पगार मिळत होता. त्या सीटवर मी स्वतः शेकडो वेळा बसलो होतो, उठलो होतो, उठताना दाराला धरत होतो. तीन दसरे खिडकीतून बघून भाऊबंदकीवर हळहळलो होतो. साधे गुडघे मला दिसले नव्हते.

थोरल्यांनी मला कुणाला सांगू नका म्हटलं होतं. मी संध्याकाळीच मालकांना सांगितलं.

मालक शेडमध्ये बसकी पुसत होते. ऐकून ते फडकं हातात घेऊन तसेच खाली बसले.

"म्हंजी राग न्हाई?"

"गुडघे आहेत, मालक."

"सात दसरे," ते म्हणाले. "आवं, सात दसरे मी दार उगडून हुबा ऱ्हायलो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी गाडीच्या फडक्यानेच पुसलं, त्यामुळे गालांवर ग्रीस लागलं. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी त्या कुंपनीत काय काम करता वो?"

"माणूस गाडीत कसा बसतो आणि कसा उतरतो ते बघतो."

"आन् मला सांगाया चार वर्सं लागली."



पण उपाय मात्र मी काढला, हे माझ्या बाजूने नोंदवतो. थोरल्यांच्या बाजेवरून ते काठीच्या आधाराने स्वतःचे स्वतः उठत, हे मी पाहिलं होतं. त्यांच्याकडे चहाला जाऊन बाजेची उंची चोरून मोजली. मग बसकीच्या सीटची मोजली. दोन्हीत नऊ इंचांचा फरक होता. गाडी वर उचलता येत नव्हती, म्हणून जमीन खाली न्यायची. ओट्यासमोर, गाडीचं दार जिथे येतं तिथे, नऊ इंच खोल चर खणायचा, त्याला एका बाजूने हलका उतार ठेवायचा. थोरले काठी टेकत उतारावरून चरात उतरतील, मागे टेकतील, आणि सीट त्यांना बाजेइतकी उंच लागेल. परत आल्यावर त्याच चरात पाय टेकवून उठतील. कुणाचा हात लागणार नाही.

मालकांनी स्वतः कुदळ मारली. आळीत विचारलं की सांगायचे, नळाची लाइन टाकायचीय. थोरले बाजेवरून सगळं बघत होते आणि काही विचारत नव्हते. मी रीतसर चाचण्या घेतल्या. माणूस बसला की जुन्या सीटची स्प्रिंग दबते, म्हणून थोरल्यांच्या वजनाइतकं गव्हाचं पोतं सीटवर ठेवून पुन्हा मोजलं आणि चर इंचभर आणखी खोल केला. मग मी स्वतः गुडघे आखडून, काठी घेऊन, बसून पाहिलं आणि उतरून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तम जमलं. मालकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मी रात्री बायकोला म्हटलं, शिक्षण कुठे ना कुठे कामाला येतंच.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही बसकी शेडमधून मागे ढकलली, मालकांनी ती नेहमीसारखी आळीच्या तोंडाकडे वळवून ओट्यासमोर उभी केली. दार बरोबर चरासमोर आलं. मालक उतरले, वळसा घालून आले, डावीकडचं दार उघडलं आणि या वेळी धरून न राहता चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. आळीतल्या बायका दारात आल्या. थोरल्यांनी चराकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. सांगू नका म्हटलं होतं ना, असा त्या नजरेचा अर्थ होता.

मग ते उठले. काठी टेकत उतारावरून खाली आले, टोपी काढली, मागे टेकले आणि बसले. लांब पाय एकेक करून आत घेतले. सीट शेवटच्या खाचेवर होती, पाय पुरेपूर मावले. काठी मात्र आत मावेना. त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"धरा," ते म्हणाले.

मी धरली. मालक पलीकडून येऊन बसले. दोघं भाऊ आपापल्या टोप्या मांडीवर ठेवून समोर बघत होते. गाडी निघाली आणि आळीच्या तोंडाशी स्पीडब्रेकरजवळ गेली. स्पीडब्रेकरचा मी विचारच केला नव्हता. शेजारच्याने उतरायचं हा नियम. मला अकरा वेळा उतरवणारा माणूस, पोस्टमनला आणि वायरमनला उतरवणारा माणूस. तिथे तर चर नव्हता.

गाडी थांबली नाही. खर्रर्र असा पोट घासल्याचा आवाज सबंध आळीत ऐकू आला, आणि बसकी पलीकडे गेली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मीही नाक शिंकरलं.

पाऊण तासाने ती परत आली. आधी खर्रर्र ऐकू आलं, मग लाल नाक दिसलं. मी काठी घेऊन चराशी सज्ज उभा होतो. गाडी ओट्यासमोर येऊन थांबली, आणि माझ्यासमोर डावं दार यायच्या ऐवजी मालकांचा चेहरा आला. मी दुसऱ्या बाजूला पाहिलं. थोरले पलीकडे होते. चर अलीकडे होता. जाताना गाडीचं तोंड तिकडे होतं, येताना इकडे, आणि डावी बाजू गाडीबरोबर फिरते. आमच्या खात्यात बसणं आणि उतरणं या दोन वेगळ्या चाचण्या असतात. मी दोन्ही घेतल्या होत्या. मधे गाडी जाऊन परत येते, हे तेवढं राहिलं होतं.

मालकांनी चराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इंजिनेर," ते म्हणाले, "चर कंच्या अंगाला खांदलाय?"

रस्ता एका गाडीपुरता, वळवायला जागा नाही, आणि रिव्हर्स गिअरचं तर तुम्हाला माहीतच आहे. आळीच्या दुसऱ्या तोंडाने आत आलं तरच डावं दार चराकडे येणार होतं, आणि त्यासाठी हायवेला जाऊन, कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून, ओढ्यावरून यावं लागणार होतं. बायका हसायला लागल्या. मी ओरडलो, "थांबा, आम्ही ढकलतो! तोंडापर्यंत मागे नेतो, तिथून वळवू!" आणि काठी बगलेत मारून गाडीच्या नाकाकडे धावलो.

तेवढ्यात पलीकडच्या सीटवरून आवाज आला. सात वर्षांत त्या आळीत कुणी तो शब्द ऐकला नव्हता.

"बारक्या," थोरले म्हणाले, "ढकलू नगं म्हनाव. वढ्यावरनं येऊ."

मालकांनी मला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं, गिअर टाकला, आणि गाडी माझ्या बाजूने पुढे निघून गेली. काचेतून थोरल्यांचा एक हात दिसला, तो मालकांच्या खांद्यावर होता.

ओढ्यावरून यायला वीस मिनिटं पुरतात. ते तासाभरात आले नाहीत. बायका आत गेल्या. मावशी दोनदा येऊन म्हणाल्या, "बसा की वो, किती येळ हुबं ऱ्हानार?" माझी सात सीटांची गाडी समोरच उभी होती, सगळ्या सीटा माझ्याच मापाच्या. मी बसलो नाही. दिवस कलेपर्यंत मी थोरल्यांची काठी धरून त्या चराशी उभा होतो.